उजेड वाढवणारी मंडळी

कॉलेजच्या कुठल्याही खात्यात दोन गोष्टी साचतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ आमचे किसनराव रोज सकाळी झटकायचे. किस्से कुणी झटकले नाहीत, म्हणून ते साचतच गेले. आता माझ्या भाच्यांना ते इतके पाठ झालेत, की मी एखादं वाक्य गाळलं तर तेच मला थांबवतात. "मावशी, मधलं खाल्लंस!"

१९६० नंतरची ती पहिली काही वर्षं. मी मोर्शीची. नुकतीच एम.एस्सी. होऊन अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. आमचे प्रमुख राजूरकर सर, मूळचे धामणगाव रेल्वे या गावचे. वर्गात अगदी पुस्तकी भाषा. पण राग आला किंवा आनंद झाला की थेट वऱ्हाडी. त्यांचे जिवलग मित्र केमिस्ट्रीचे रशीद सर. ते अकोल्याचे. आठवडाभर अमरावतीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. लॅबचे अटेंडंट किसनराव. चौथी मी. मला सगळे नुसतं 'बाई' म्हणत.

राजूरकर सरांना एकच वेड होतं. उजेड वाढवायचं! परदेशात कुणीतरी माणकाच्या कांडीतून प्रकाशाचा जबरदस्त झोत काढला, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. लेसर हा शब्द तेव्हा आमच्या कॉलेजात तरी आणखी कुणी ऐकला नसावा. सरांचं म्हणणं असं, की माणिक आपल्याला कुठून मिळणार? पण लिक्विड क्रिस्टल, म्हणजे द्रवस्फटिक, ते तर आपण बनवू शकतो. दोन काचांमध्ये त्याचा पातळ थर भरायचा. त्यातून एक अशक्त झोत न्यायचा. त्याच थरात बाजूने दुसरा दांडगा झोत सोडायचा. दांडग्याने आपलं बळ अशक्ताला द्यावं, आणि अशक्त झोत पलीकडून तगडा होऊन बाहेर पडावा.

"एवढंच तर करायचं आहे!" सर म्हणायचे.

त्या 'एवढंच'पायी काय काय झालं, ते ऐका.

*

सामान मागवायचं म्हणजे आधी प्राचार्यांना पटवायला हवं. ते संस्कृतचे. स्वतः लॅबमध्ये आले.

"हा पदार्थ दोनदा वितळतो," सरांनी सुरुवात केली.

"का? एकदा वितळून त्याचं भागत नाही?" प्राचार्य म्हणाले.

सरांनी समजावलं. पहिल्यांदा वितळला की गढूळ, दुधासारखा होतो. आणखी तापवला की पाण्यासारखा स्वच्छ. मधल्या गढूळ अवस्थेत मोठी गंमत असते. तेव्हा तो पाण्यासारखा वाहतो, पण आतले कण मात्र शिस्तीत, एका दिशेला तोंड करून उभे असतात.

प्राचार्यांच्या कपाळावरची आठी काही हलेना. "राजूरकर, एक तर द्रव म्हणा नाहीतर स्फटिक म्हणा. दोन्ही एकदम कसं काय असेल?"

किसनराव चहा घेऊन उभे होते. त्यांच्याने राहवलं नाही.

"मले समजलं, साहेब. दिसाले पातळ, पन आतून ताठ. म्हंजे आमचे जावई!"

प्राचार्यांच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पेन काढलं आणि सामानाच्या यादीवर तिथल्या तिथे सही केली!

*

यादीतली पहिली गोष्ट होती कोलेस्टेरॉल. मुंबईहून यायला किती महिने लागतील, कोण सांगणार? रशीद सर म्हणाले, "मुंबई कशाला? माणसाच्या पित्ताशयात जे खडे होतात ना, त्यात बहुतेक तेच असते."

सरांना एकदम आठवलं. धामणगावात त्यांच्या ओळखीचे एक शेठजी होते, कापसाचे व्यापारी. नागपूरला ऑपरेशन होऊन त्यांचे पित्ताचे खडे निघाले होते. सर आणि रशीद सर पुढच्याच गाडीने धामणगावला गेले.

शेठजींच्या बैठकीत ती बाटली काचेच्या कपाटात, देवांच्या तसबिरींच्या शेजारी ठेवलेली! येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी खडे दाखवायचे, अशी त्या घरची रीत झाली होती.

मागणी ऐकून शेठजी उठूनच उभे राहिले. "मास्तर, दुसरं काहीही मागा. यांच्यापायी मी मरणाच्या दारात जाऊन आलो. हे कसे देऊ?"

रशीद सर शांतपणे म्हणाले, "शेठजी, इथं कपाटात राहिले तर हे फक्त तुमचं दुखणं आहे. आमच्याकडे आले तर त्याचं काहीतरी चांगलं होईल."

शेठजींनी कपाटातून बाटली काढली. मग म्हणाले, "न्या. पण जे बनवाल ते मला दाखवायचं."

रशीद सरांनी ते खडे कुटले, गरम स्पिरिटमध्ये विरघळवले, गाळले, पुन्हा पुन्हा शुद्ध केले आणि त्यापासून पांढरेशुभ्र, चमकदार स्फटिक तयार केले. मग एके दिवशी शेठजी आणि शेठाणी मोटारीतून कॉलेजात हजर झाले. सरांनी काचेच्या पट्टीवर चिमूटभर स्फटिक ठेवले, तापवले, पाण्यासारखे केले आणि हळूहळू थंड होऊ दिले. दिव्याच्या उजेडात त्या थरातून जांभळा रंग सरकत आला. मग गर्द निळा. मोराच्या मानेसारखा.

शेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. शेठाणी मात्र वाकून वाकून पाहत होत्या.

"अहो, हे सारे रंग पोटात होते," त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तोंडावर निस्ता पिवळाच कसा आला हो?"

*

हे स्फटिक बनवताना पिरिडीन नावाचं एक रसायन लागतं. त्याचा वास ज्याने घेतला नाही तो सुखी माणूस. सडक्या मासळीची आठवण यावी, असा वास. कपड्यांना बसला की धुतल्यानंतरही जात नाही.

शनिवारी रशीद सर बडनेऱ्याहून अकोल्याची पॅसेंजर पकडायचे. गाडीला ही गर्दी! त्या शनिवारी लॅबमधून तसेच निघाले. डब्यात शिरले, दाराजवळ उभे राहिले. आधी शेजारचे गृहस्थ उठले. मग समोरचं बिऱ्हाड पोरंबाळं घेऊन पलीकडे सरकलं. मुर्तिजापूर येईपर्यंत सगळा बाक मोकळा! रशीद सर पाय पसरून झोपले ते थेट अकोल्यालाच उठले.

घरी त्यांच्या बेगमने दारातच थांबवलं, कपडे अंगणात काढायला लावले आणि विचारलं, "कॉलेज में पढ़ाते हो ना सच्ची? कि मछली बेचते हो?"

रशीद सर लाजेने लाल झाले. पण सोमवारी आम्हाला हा किस्सा त्यांनीच सांगितला.

दिवाळीला मी मोर्शीला निघाले, तेव्हा एस.टी. स्टँडवर तोबा गर्दी होती. रशीद सर मला पोचवायला आले होते. त्यांनी खिशातून घट्ट बुचाची एक इवलीशी बाटली काढून माझ्या हातात ठेवली.

"बाई, जागा नाही भेटली तरच उघडजा!"

*

त्या स्फटिकांची एक अडचण होती. रंग दिसायला फार तापवावं लागायचं. म्हणून रशीद सरांनी दोन-तीन पदार्थ मिसळून कमी तापमानाला रंग दाखवणारं एक मिश्रण बनवलं. अमरावतीत हिवाळ्यात ते बाटलीत तुपासारखं गोठून बसलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रशीद सर ती बाटली अकोल्याला घेऊन गेले.

अकोल्याचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. एके दिवशी मिश्रण लावून खिडकीत ठेवलेल्या काचेच्या पट्टीकडे रशीद सरांचं सहज लक्ष गेलं, आणि ते ओरडलेच. लाल, हिरवा, निळा! ना शेगडी, ना हीटर. अकोल्याच्या नुसत्या हवेनं रंग फुलले होते.

त्यांनी धावत जाऊन सरांना तार केली. तार इंग्रजीत. तिचा अर्थ असा, 'रंग दिसले. ताबडतोब या. रशीद.'

त्या काळी तार म्हणजे वाईट बातमी. ती न फोडताच सरांच्या घरी त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, डोळ्यांना पदर लावला. सर बाहेर गेलेले. शेजारच्या वकिलांनी तार वाचली आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, "अंगावर रंग दिसताहेत म्हणजे गोवर, नाहीतर कावीळ. या वयात गोवर वाईट."

सर घरी आले तोवर निम्मी आळी ओट्यावर जमलेली. सरांना तारेचा खरा अर्थ वाचताक्षणीच कळला. पण सांगायला उसंत कुणी देईना. काकूंनी मुगाची खिचडी बांधली, कडुनिंबाचा पाला घेतला, काढा उकळून तांब्यात भरला आणि "मी येते" म्हणून त्याही निघाल्या.

अकोला स्टेशनवर रशीद सर धडधाकट! आनंदाने नाचायचेच तेवढे बाकी होते. "सर, चला लवकर! सूर्य कलला का रंग जाईन!"

घरी खिडकीपाशी दोघे जे उभे राहिले, ते शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांना ढकलून पाहायला लागले. काकू मागे तांब्या धरून उभ्या.

"म्हणजे तुम्हाला काहीच झालं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, भाभी."

"उकळलाय आता. घ्या!"

आणि रशीद सरांनी तो कडूजहर काढा उभ्या उभ्या पिऊन टाकला. शेवटच्या थेंबापर्यंत!

*

मिश्रण झालं. आता दांडगा झोत कुठून आणायचा? लॅबमधले दिवे म्हणजे चिमण्याच. एकदा किसनराव म्हणाले, "सर, कौंडण्यपूरच्या जत्रेत टुरिंग टाकीज येते. तिच्या मशिनीचा उजेड पाह्यला का तुमी? आंधळा करून टाकते!"

सरांनी टेबलावर थाप मारली. सिनेमाच्या यंत्रातला कार्बनचा दिवा! जिल्ह्यात याहून दांडगा झोत दुसरा नसेल.

कार्तिकात आम्ही सगळे निघालो. काकूंना देवदर्शन करायचं होतं, त्यामुळे मलाही सोबत मिळाली. वर्धेच्या काठी तंबू ठोकलेला. टाकीजचे मालक भला माणूस. सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उजेड वाढत असन तर माह्या पडद्यावर वाढवा साहेब. मागची मानसं बोंबलून राहिली का हिरो कोन अन् व्हिलन कोन समजत नाई म्हनून!"

दिवेलागणीला, पहिल्या खेळाआधी, त्यांनी आम्हाला थोडा वेळ दिला. पण लोक आधीच आत येऊन बसलेले. सरांनी यंत्रासमोर दोन काचांमधला तो थर स्टँडला लावला. बाजूला अशक्त झोताचा छोटा दिवा. मोजायचं यंत्र माझ्यापुढे. मालकांनी कार्बनच्या कांड्या जुळवल्या आणि दिवा पेटवला.

काटा वाचायला मी मान खाली घातली, तेवढ्यात तंबूत "अऽऽऽ" असा आवाज उठला. मी वर पाहिलं. पडद्यावर रंगांचे ढग फिरत होते. तांबूस, पिवळे, मग हिरवट, निळे. एकमेकांत मिसळत, पसरत. बाया-पोरं तोंड उघडं टाकून पाहताहेत. मग टच्च! उष्णतेनं काच तडकली आणि पडदा पुन्हा पांढरा झाला.

सर मटकन खालीच बसले. कित्येक महिन्यांची मेहनत, आणि एक आकडासुद्धा हाती लागला नाही. रशीद सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

इकडे तंबूत टाळ्या थांबेनात. शिट्ट्या. "वन्स मोअर!" पहिल्या रांगेतले एक फेटेवाले आजोबा उठून यंत्रापाशी आले आणि सरांना म्हणाले,

"काहून थांबले मास्तर? जे फुटलं, थेच फोडा ना पुन्हा!"

सर हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. मालकांनी जाताना कार्बनच्या कांड्या आणि एक जुना दिवा सरांच्या पुढ्यात ठेवला. "न्या, तुमच्या लॅबले ठेवा. एवढी खूश पब्लिक मी आजवर नाई पाह्यली!"

*

हा छोटासाच. पुण्याहून एक मोठे प्रोफेसर कॉलेज पाहायला आले होते. लॅबच्या दारात किसनरावांनी अगदी आपुलकीने विचारलं, "काहून आले साहेब?" पाहुण्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, हाकलतोय!

आत येऊन त्यांनी सगळं पाहिलं. रंग पाहिले, दिवा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग ओठ मुडपून म्हणाले, "छान. पण याचा उपयोग काय?"

सर उत्तर जुळवत होते. तोवर किसनराव म्हणाले,

"उपेग राहिला असता, तर आतापावतो पुण्यालेच नसता का गेला?"

*

त्या जुन्या दिव्यावर सरांनी पुन्हा मांडणी केली. काच तडकू नये म्हणून मध्ये पाण्याचं भांडं ठेवलं. अशक्त झोत थरातून जाऊन फोटोसेलवर पडायचा आणि काटा हलायचा. दांडगा झोत बाजूने थरात शिरून पलीकडे निघून जायचा.

आणि एके सकाळी काटा वाढला! दांडगा झोत सुरू केला की अशक्ताचा काटा वर. बंद केला की खाली. सरांनी पुन्हा केलं. पुन्हा वर! सर ओरडायलाच लागले. "बाई, वाढून राह्यला! उजेड वाढून राह्यला!" रशीद सरांनी त्यांना मिठी मारली. किसनरावांनी पेढे आणले. सर कित्येक वर्षं छोट्या कॉलेजात, जुन्या सामानावर राबत होते. त्यांच्या वर्गमित्रांपैकी कुणी दिल्लीत, कुणी परदेशात. आता त्यांचंही नाव छापून येणार होतं. दोन दिवस बसून त्यांनी लेख लिहिला, अमेरिकेतल्या एका मासिकाचा पत्ता घातला आणि कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत टाकून आले.

ते परतले, तेव्हा मी सहज काटा पाहत होते. दांडगा झोत सुरू केला. काटा ढिम्म. रशीद सरांनी पाहिलं, त्यांनाही ढिम्म. सर धावत आले, वाकले, आणि काटा वर!

"सर जवळ आले का उजेड वाढते," किसनराव हात जोडून म्हणाले. "देवमानूस हायेत."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या गडद साडीकडे पाहिलं. रशीद सरांच्या काळ्या शेरवानीकडे पाहिलं. मग स्वतःच्या शर्टाकडे. पांढराफेक शर्ट, काकूंनी नीळ घालून धुतलेला, कडक इस्त्रीचा. दांडगा झोत थरातून निघून त्या शर्टावर पडत होता आणि तिथून उसळून फोटोसेलवर येत होता.

खिडकीचा काळा पडदा काढून सरांनी अंगाभोवती गुंडाळला आणि पुन्हा काट्याजवळ उभे राहिले. काटा हलला नाही.

कुणाला कळणार होतं? लेख पेटीत पडला होता. पण सर तसेच, काळा पडदा पांघरून, कोपऱ्यावर धावले. आम्ही मागे. पोस्टमन नेमका पेटी उघडत होता.

"माझं पाकीट परत द्या," सर धापा टाकत म्हणाले.

"टाकलेलं परत देता येत नाही, साहेब."

"अहो, पण त्यात खोटं लिहिलं आहे!"

पोस्टमनने पिशवीत डोकावून पाहिलं. "तसं म्हनाल तर साहेब, ही सारी पेटीच वापस द्या लागीन!"

शेवटी पोस्टमास्तरांकडे अर्ज करून ते पाकीट मिळालं. सरांनी ते तिथेच फाडलं. आम्ही त्यांच्या घरापर्यंत सोबत गेलो. काकू दारात आल्या. सरांचा चेहरा पाहून घाबरल्या. "काय झालं?"

सर ओट्यावर बसले. स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. मग म्हणाले, "काही नाही. तुह्या निळीनं आज अमेरिकेलेच घाम फोडला असता!"

त्यानंतर लॅबमध्ये सगळ्यांनी काळे कोट घालायचे, असा नियम झाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर पुन्हा नव्या काचा घासत बसले होते.

*

आता शेवटचा. रशीद सरांच्या अम्मींचा.

अम्मींना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सावल्या तेवढ्या दिसत. रशीद सर ऑपरेशनसाठी विनवून विनवून थकले होते; पण डोळ्याला सुरी लागणार म्हटलं की अम्मी पलंगाची दांडी धरून बसायच्या. पुढे त्यांचं ऑपरेशन झालं, अगदी व्यवस्थित झालं. जाड भिंगाचा चष्मा लावून त्या सुईत दोरा ओवायला लागल्या आणि माझ्यासाठी एक भरतकामाचा रुमालही पाठवला. तो अजून माझ्याकडे आहे. पण मी सांगतेय ते त्याच्या आधीचं.

आपला मुलगा अमरावतीत उजेड वाढवायचं काम करतो, एवढं अम्मींच्या कानावर होतं. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "मुझे वहाँ ले चल. तेरे सर उजाला बढ़ाते ना? बढ़े हुए उजाले में मुझे दिखेगा. ऑपरेशन काहे को?"

रशीद सरांनी परोपरीने समजावलं. मग त्यांनीही अट घातली. "ठीक है. वहाँ दिखा तो ऑपरेशन नहीं. नहीं दिखा, तो सीधे दवाखाना." अम्मींनी मान डोलावली.

अशा रीतीने भर दुपारी, काठी टेकत, पांढरी चादर डोक्यावरून घेऊन अम्मी आमच्या लॅबमध्ये आल्या. डार्करूमच्या दारापासून एक हात भिंतीवर ठेवून, हळूहळू चाचपत, त्या खुर्चीपर्यंत पोचल्या. किसनरावांनी पाणी दिलं. सरांनी वाकून नमस्कार केला. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "बाई, काही दिसणार नाही त्यांना. पण रंग एवढे छान आहेत. एखादा तरी दिसला तर बरं."

किसनरावांनी दार लावलं. डार्करूमला सगळीकडून काळे पडदे, बाहेरचा कवडसासुद्धा आत येणार नाही अशी. छतावरचा एक लहान दिवा तेवढा जळत होता. सर कार्बनच्या दिव्याच्या मोठ्या बटणाकडे गेले.

"अम्मी, आता उजेड वाढवतो. तयार?"

"तयार, बेटा."

सरांनी बटण दाबलं. खट्. आणि छतावरचा दिवाही गेला! सगळ्या कॉलेजची लाइन गेली होती. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

त्या अंधारात अम्मींचा खणखणीत आवाज आला.

"माशाअल्लाह! कितना बढ़ गया! सब साफ दिख रहा मुझे. रशीद, तू भी दिख रहा. सर भी दिख रहे. चल, अब घर चल. दवाखाने का काम नहीं."

रशीद सर कुठे उभे होते ते मला दिसत नव्हतं; पण त्यांनी एक हुंदका दाबला, की हसू दाबलं, तेवढं ऐकू आलं. किसनराव दाराच्या शोधात कशावर तरी धडकले आणि स्टँड खाली पडला. मीही हात पुढे करून चाचपत होते, तर हाताला भिंतच लागेना.

बऱ्याच वेळाने सर हळूच म्हणाले, "अम्मी, एक काम होतं. आम्हा चौघायले दार सापडून नाई राह्यलं."

मग खुर्ची करकरली, फरशीवर काठी टेकली, आणि भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज आला.

"मेरी चादर पकड़ो," अम्मी म्हणाल्या. "एक के पीछे एक."